शिडी धरणारी

माझ्या सासूला मिरीच्या बागांत कोणी नावानं ओळखत नाही. 'खुंटी' म्हटलं की लगेच कळतं. माझे सासरे मिरी तोडायला शिडीवर चढायचे आणि ही खाली शिडीचा पाय धरून उभी राहायची, आयुष्यभर. वर चढणाऱ्याला लोक कसबी म्हणतात. खाली उभं राहणाऱ्या बाईला काय म्हणणार? तीही हसायची त्यावर. "असू दे गं, खुंटीशिवाय जनावर बांधता येतं का?"

"म्हणजे बाबा जनावर झाले," मी म्हणायची.

"मी कुठं तसं म्हटलं?" असं म्हणून ती इकडेतिकडे बघायची आणि पदर तोंडाला लावायची.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मिरी म्हणजे डब्यातली, एवढंच मला ठाऊक होतं. मिरीचा वेल उंच झाडाला बिलगून वर जातो आणि दाण्यांचे घोस थेट शेंड्यापर्यंत लागतात, हे इथं आल्यावर पाहिलं. त्याला चढायची शिडी म्हणजे एकच लांब बांबू, पेरापेराशी फांद्यांचे खुंट राखलेले, त्यांवर जेमतेम अर्धं पाऊल मावतं. सासरे पोटाशी झोळी बांधून चढायचे. चढण्याआधी सासू ती शिडी गदागदा हलवून बघायची, खालचं टोक मातीत दाबायची, पुन्हा हलवायची. खुंटा हलवून बळकट करणं म्हणजे काय, ते मी तिच्याकडे बघून शिकले. मग एक पाय सगळ्यात खालच्या खुंटावर, दोन्ही तळवे छातीच्या उंचीला, आणि नजर वर.

झोळी भरली की सासरे बांबूवर तीनदा ठोकायचे. टक टक टक. ते तिला ऐकू येण्याआधी तळव्यांना कळायचं, असं ती सांगायची. ठोकलं की ती सगळं अंग शिडीवर रेलायची. आणि सासरे, खाली न बघता, एक पाय आणि एक हात सोडून स्वतःला बाहेर झोकून द्यायचे. भरलेली झोळी पोटाशी असली तर उतरता येत नाही, ती कुशीवर घ्यावी लागते आणि त्यासाठी अंग झाडापासून लांब न्यावं लागतं. त्या वेळी शिडीचं वरचं टोक झाडाला टेकून राहतं ते केवळ खालच्या माणसाच्या जोरावर. सगळे जुने तोडणीवाले असंच करायचे. जमिनीला पाय लागला की सासरे मागे न वळता म्हणायचे, "हं, सोड आता." मगच ती सोडायची.

ती भित्री होती. उगीच आडपडदा कशाला ठेवू? तोडणीच्या दिवसांत सासरे खाली येईपर्यंत ती पाण्याचा घोट घ्यायची नाही. वर कोणी असताना कोणाशी बोलायची नाही, कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. एकदा माझा पाय विळ्यावर पडला, मी किंचाळले, तर तिनं मान वळवली नाही. चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. फांदी मोडेल, बांबू पिचला असेल, लाल मुंग्या चावतील, भोवळ येईल... मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं. मी चिडवायची, "आई, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. इतकी वर्षं झाली, कधी काही झालं का?"

"नाही झालं," ती म्हणायची. "मी होते म्हणून नाही झालं."

मी शहरात शिकलेली, तोंडाची फटकळ. सून सासूच्या डोक्यावर मिरी वाटते, असं शेजारणी म्हणायच्या आणि त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. पण तिच्या भीतीपुढे माझं काही चालायचं नाही.

मग मिरी मंडळ आलं. आपली मिरी पूर्वी गोणीत भरून, धुळीसकट, मिळेल त्या दरानं जायची. दुसरे देश ती घ्यायचे, साफ करायचे आणि आपला शिक्का मारून विकायचे. आता देशाची मिरी देशाच्याच नावानं साता समुद्रापार जाणार, असं ठरलं. आमच्या भागात संकलन केंद्र उघडलं आणि मला तिथं नोकरी लागली. लिटरभराचं माप दाण्यांनी भरायचं, वरून सपाट करायचं, वजन करायचं. भरीव दाणा जड भरतो, पोकळ हलका. केंद्राच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि आमच्या ठिपक्यापासून निरनिराळ्या बंदरांपर्यंत रंगीत दोरे ताणलेले होते. नवा दोरा लागला की आम्ही पेढे वाटावेत तसं एकमेकींना सांगत सुटायचो. मला ते सगळं मनापासून आवडायचं, आजही आवडतं. वाळवणीसाठी सिमेंटची खळी झाली, कोंबड्या-कुत्र्यांना कुंपण झालं, लोकांच्या घरांवर पक्की छपरं आली. हे काही वाऱ्यावरच्या गप्पांनी होत नाही.

मंडळाच्या साहेबांची घोषणा होती, 'एक वेल, तीन माल'. पूर्वी एका वेलावर हंगामात एकदाच चढायचं आणि सगळं ओरबाडून आणायचं. आता कोवळे हिरवे घोस आधी काढायचे, ते मिठाच्या पाण्यात घालून जाणार. मग घोसात एखादा दाणा लाल दिसला की दुसरी तोडणी, ती काळी मिरी. शेवटी उरलेले पूर्ण पिकलेले दाणे, त्यांची साल काढून पांढरी मिरी. मी घरी येऊन हे हातवारे करून सांगितलं. सासरे खूश झाले.

सासू म्हणाली, "म्हणजे एकाच झाडावर तीनदा चढायचं."

"तीनदा पैसेही मिळणार ना, आई!"

"तीनदा उतरायचं पण," ती म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

पुढच्या वर्षी अॅल्युमिनियमच्या शिड्या आल्या. चकचकीत, हलक्या, एका हातानं उचलाव्यात अशा. वरच्या टोकाला झाडाला आवळायचा पट्टा होता, पण तो आवळायला वर गेल्यावर दोन्ही हात सोडावे लागत, म्हणून तो कोणी बांधायचं नाही. शिडीबरोबर नियम आला, 'एक शिडी, एक माणूस'. शिड्या धरणाऱ्या बायकांनी आता निवडीच्या टेबलाशी बसायचं. डोक्याला टोपी, हातात मोजे, भोवती बारीक जाळीची खोली. बायकांना ते अगदी सुखाचं वाटलं. सावली, बसायला स्टूल, मजुरी तीच. मान वर करकरून सगळ्यांच्या माना आखडल्या होत्या. एकटी माझी सासू बसेना. साहेब दिसले की टेबलाशी जायची, त्यांची पाठ फिरली की शिडीपाशी.

त्याच हंगामात पलीकडच्या बागेत एक म्हातारा तोडणीवाला पडला. सासऱ्यांच्याच बरोबरीचा, बागेत सगळे त्याला 'खारूताई' म्हणायचे, इतका चपळ. जागीच गेला. पाय घसरला, असं मंडळाच्या माणसानं सांगितलं. पट्टा बांधला नव्हता, हेही सांगितलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा सगळे रडत होते आणि माझी सासू त्याच्या बायकोला विचारत होती, "चढताना की उतरताना?"

मला लाज वाटली. हे काय विचारणं झालं?

"उतरायला लागला होता," ती बाई म्हणाली. "मी टेबलावर होते. ठोकल्याचा आवाज आला मला. मला वाटलं, आता येईल खाली."

सासूनं माझा हात धरला. वाटेत ती मला म्हणाली, "पाय घसरला नाही त्याचा. त्यानं ठोकलं आणि अंग बाहेर टाकलं. खाली बाई आहे असंच धरून चालला तो. कोणी नाही हे त्याच्या डोक्याला माहीत होतं, अंगाला नव्हतं."

"आई, कोणी इतकं विसरेल का?"

"तुझे सासरे विसरतील," ती म्हणाली.

तिचं म्हणणं मला पटायला फार दिवस लागले नाहीत. एका दुपारी घरातला दिवा गेला म्हणून सासरे स्टुलावर चढले. दिवा बदलला. मग त्यांनी भिंतीवर तीनदा ठोकलं, एक पाय उचलला आणि मागे रेलले. सासू ओट्याजवळ पीठ मळत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी धावली आणि तिनं स्टूल दाबून धरलं. सासरे उतरले, "हं, सोड आता" म्हणाले आणि बाहेर निघून गेले. काय झालं हे त्यांच्या गावीही नव्हतं. स्टुलाच्या पायाला पिठाची बोटं उमटली होती. मी ती पुसली नाहीत.

आम्ही दोघींनी त्यांना सांगून पाहिलं. ते भडकले. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? शिडीखाली कोण आहे, कोण नाही, एवढं कळत नाही मला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "लोक हसतात गं. म्हणतात, बायकोनं धरल्याशिवाय याचा पाय उचलत नाही."

मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मलाही कळतं. पण पलीकडच्या देशाची मिरी आपल्यापेक्षा स्वस्त पडते, कारण तिथं खाली कोणी धरत नाही. दोन माणसांची मजुरी लावली तर आपला माल बंदरातच पडून राहील." त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ठरलेला माल गेला नाही तर त्यांचंही काही खरं नव्हतं. "आणि पाहुणे येतायत," ते म्हणाले. "परदेशी खरेदीदार. आपली आदर्श बाग म्हणून तुमचीच दाखवायची आहे. तुझे सासरे एकटे चढून दाखवणार. त्यांनीच होकार दिलाय."

घरी येऊन हे सांगायचा मला धीर होईना. पण सासूला आधीच कळलं होतं. सासरे आरशासमोर दाढी कोरत होते आणि ती दाराच्या चौकटीला टेकून त्यांच्याकडे बघत होती. "त्या दिवशी तू टेबलाशी बसायचंस," सासरे आरशातूनच म्हणाले. "एवढी एक गोष्ट ऐक माझी. आयुष्यात एकदा मला एकट्याला चढू दे."

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं असेल तर एवढंच, असं ती नंतर मला म्हणाली.

पाहुणे आले. चारपाच जण, त्यांच्याबरोबर त्यांचं बोलणं समजावून सांगणारी एक मुलगी. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी तिन्ही तऱ्हेच्या मिरीचं तबक घेऊन उभी होते. हिरवी, काळी, पांढरी. सासू जाळीच्या खोलीत टेबलाशी, टोपी आणि मोजे घालून. तिच्यासमोर दाण्यांचा ढीग होता. तिचे हात हलत होते, पण डोळे ढिगावर नव्हते.

सासरे चढले. काय चढले! पाहुण्यांनी माना वर केल्या, कॅमेरे वर केले. शेंड्यापाशी ते पानांत दिसेनासे झाले, फक्त टाचा दिसत होत्या. त्या टाचांकडे बघताना माझा जीव टांगणीला लागला होता. मी शिडीपासून हाताच्या अंतरावर उभी होते. धरावी का? धरली तर साहेबांची शोभा, सासऱ्यांची शोभा. मी स्वतःला सांगितलं, आज ते विसरणार नाहीत, आज सगळी दुनिया बघते आहे, आज कसे विसरतील?

तेवढ्यात साहेबांनी मला खूण केली. पाहुण्यांना तबक बघायचं होतं. मी शिडीकडे पाठ करून चार पावलं चालले. एका पाहुण्यानं पांढरा दाणा उचलून चावला आणि तोंड वाकडं केलं, सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसता माझी नजर जाळीच्या खोलीकडे गेली.

सासू उभी राहिली होती. दोन्ही तळवे जाळीला लावलेले, छातीच्या उंचीला. एक पाय पुढे. तिथं शिडी नव्हती, तरी ती शिडी धरून उभी होती.

टण टण टण.

अॅल्युमिनियमवर तो आवाज फार मोठा आला. सासूचं सगळं अंग पुढे रेललं, जाळी फुगली. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. माझ्या हातून तबक सुटलं. मी कशी वळले, कशी धावले, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की शिडीचं वरचं टोक झाडापासून सुटलं होतं, माझ्याकडे येत होतं, आणि वर एक माणूस एका हातानं, एका पायानं, निवांत, झोळी कुशीवर घेत होता.

मी शिडीवर अंग घातलं. खांदा, छाती, गाल, जे पुढे आलं ते. पाय खालच्या दांडीवर रोवला. एक क्षण ती शिडी मला मागे ढकलत राहिली, मला वाटलं गेलं, सगळं गेलं. मग वर झाडाला टोक लागल्याचा आवाज आला. शिडीतून त्यांचं वजन माझ्या हाडांत उतरत होतं. ते एकेक दांडी खाली यायला लागले. वर बघायची माझी हिंमत नव्हती. मी डोळे मिटून मनात एकच म्हणत होते, हलू नकोस, हलू नकोस.

त्यांचा पाय जमिनीला लागला. मागे न वळता ते म्हणाले, "हं, सोड आता. आज जोर कमी का गं?"

मग ते वळले. त्यांनी मला पाहिलं. मग जाळीच्या खोलीकडे पाहिलं, तिथं त्यांची बायको टोपी घालून उभी होती. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. झोळीसकट ते खाली बसले. पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हेही दाखवायचंच होतं.

सासू जाळीचं दार उघडून आली. सासऱ्यांकडे तिनं पाहिलंही नाही. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सोड. उतरले ते."

"सुटत नाहीत आई," मी म्हणाले. खरंच सुटत नव्हती बोटं. तिनं मोजे काढले आणि माझं एकेक बोट शिडीवरून सोडवलं. पायांखाली तिन्ही मिरी एकमेकींत मिसळून चिरडली गेली होती आणि तिचा वास नाकात चढून आमच्या दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगितलं.

पाहुण्यांनी माल घेतला. नकाशावर आणखी एक दोरा लागला. नियम मात्र बदलला नाही. कागदावर आजही एक शिडी, एक माणूस असंच आहे. साहेब आमच्या बागेत आले की शिडीच्या पायाकडे बघत नाहीत, झाडाच्या शेंड्याकडे बघतात. एवढं त्यांनी आमच्यासाठी केलं, आणि मी त्यांना त्याबद्दल मानते. खारूताईच्या बायकोकडे मी पुन्हा जाऊन आले.

सासरे त्यानंतर चढले नाहीत. कोणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगतात. इतके दिवस गोण्या वाहण्याचं काम करणारा माझा नवरा आता चढतो. लहानपणापासून बापाचं बघत आलेला, तोही तीनदा ठोकतो आणि खाली न बघता बाहेर झुकतो. मी त्याला खूप सांगितलं, ही सवय सोड. तो म्हणाला, "बघतो." अंगात भिनलेलं असं सांगून सुटतं का?

त्याच्या पहिल्या तोडणीच्या सकाळी केंद्रातून सुट्टी काढून मी शिडीपाशी गेले. सासू आधीच तिथं होती. तिच्या मनगटांत आता जोर राहिलेला नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तिनं शिडी हलवली, मला हलवायला लावली, परत हलवायला लावली. माझे तळवे धरून बरोबर त्या जागी ठेवले. माझा नवरा चढू लागला. त्याच्या टाचा डोळ्यांसमोरून गेल्या, डोक्यावर गेल्या, पानांत गेल्या. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की वाटलं, शिडीतून त्याला कळेल.

ती माझ्या शेजारी उभी होती. "घाबरतेस का?" तिनं हळूच विचारलं.

"हो आई. खूप."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, घरचं माणूस झाडावर असताना, ती पाठ फिरवून घराकडे निघाली.